बी विंगचा छज्जा: एका आग्यामोहोळाचं प्रकरण

यंदाची दिवाळी झाल्यापासून मला अनोळखी नंबरांवरून पाच फोन आले. "तुमच्याकडे आग्यामोहोळ होतं ना? तुम्ही काय केलंत?" विचारणारा कुठल्यातरी सोसायटीचा सेक्रेटरी असतो आणि त्याच्या मागून कुणीतरी "जाळून टाका म्हणावं" असं ओरडत असतं. फोनवर अर्धीच गोष्ट सांगून होते, म्हणून इथे पहिल्यापासून लिहिते.

मी सोसायटीची खजिनदार. मधमाश्यांतलं मला काही कळत नव्हतं. पण बिलांची फाइल, सभांचं इतिवृत्त आणि गेटवरचं रजिस्टर या तिन्ही गोष्टी माझ्या कपाटात आहेत, आणि हे प्रकरण त्या कपाटातूनच उलगडलं.

आमच्या तीन विंग ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी. मागच्या गॅलरीत उभं राहिलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू दिसते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, आणि ते जंगल व आमची भिंत यांच्यामध्ये एक नाला आणि कंपाउंड. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं. कूस म्हटली की त्यात माकडं येतात, पार्किंगमध्ये धामण येते, पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती पंखांचे ढीग पडतात, हे त्यात नव्हतं. २०१९ च्या फेब्रुवारीत कोरम मॉलच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हापासून संध्याकाळी मुलांना मागच्या बाजूला खेळू देत नाहीत. बिबट्याचं एक बरं असतं. तो दिसला की काय करायचं हे ठरलेलं आहे: वनविभागाची हॅलो फॉरेस्ट, १९२६ नंबर. मधमाश्यांचं तसं काही ठरलेलं नव्हतं. कमिटीने चार फोन केले आणि प्रत्येकाने पाचवा नंबर दिला.

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात येऊरला कारवी फुलली होती. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. आधीचा बहर २०१६ चा. डोंगर जांभळा झाला होता, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग उपवन तलावापर्यंत यायची. बहर ओसरला, दिवाळी झाली आणि ६ नोव्हेंबरला, बुधवारी दुपारी, बी विंगच्या पश्चिमेला अकराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली एक काळपट ढग लोंबकळायला लागला. रविवारपर्यंत तो वीतभर होता. पुढच्या रविवारी हातभर.

आग्या मधमाशी पोकळीत राहत नाही. सातेरी जातीची माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात शेजारी शेजारी बरीच पोळी लावते, म्हणून ती पेटीत पाळता येते. फुलोरी या छोट्या माशीचं पोळं झुडपात, तळहाताएवढं. आग्याचं मात्र एकच पोळं, उघड्यावर, उंच. कडा, मोठं झाड, पाण्याची टाकी किंवा आमच्यासारखा छज्जा. त्याला भिंत नसते, माश्यांच्याच अंगाचा थरावर थर पडदा असतो. दुरून तो गप्प वाटतो. दुर्बिणीतून पाहिलं तर मधूनच त्यावरून एक लाट सरकते. शेकडो माश्या एकामागोमाग एक पोट वर उचलतात. गांधीलमाशी जवळ आली की असं होतं. ही लाट पुढे आमच्या फार कामाला आली.

पहिली तक्रार दिवसाची नव्हतीच. रात्री आठच्या पुढे बी विंगच्या वरच्या मजल्यांवर माश्या घरात यायला लागल्या. ट्यूबलाइटला धडकायच्या, फरशीवर पडायच्या, तिथेच चालत राहायच्या, आणि अनवाणी पाय त्यांच्यावर पडायचा. १५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. गॅलऱ्यांमध्ये दिवे, वर चांदणं. त्या रात्री ग्रुपवर तेवीस मेसेज आले, शेवटचा साडेबारा वाजता. एकाने तर गाडीवर पडलेल्या पिवळ्या ठिपक्यांचा फोटो टाकून 'रासायनिक पाऊस?' असं विचारलं. तो पाऊस म्हणजे माश्यांची विष्ठा. आग्याच्या माश्या मोठ्या संख्येने एकदम बाहेर पडून ती टाकतात. वाळत घातलेल्या चादरींवरही तेच डाग.

१७ नोव्हेंबरला, रविवारी, विशेष सभा झाली. विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर होतं, त्यामुळे पोडियमवर नाहीतरी सगळेच भाषणाच्या तयारीत. मुद्दे दोन होते. एक, पेस्ट कंट्रोलवाल्याने फवारणीचे साडेचार हजार सांगितले होते. दोन, १ डिसेंबरपासून बाहेरून रंगकाम सुरू व्हायचं होतं, आगाऊ रक्कम दिलेली होती आणि रंगाऱ्यांच्या मुकादमाने स्वच्छ सांगितलं होतं, "मोहोळ असेपर्यंत माझी पोरं त्या भिंतीवर दोर टाकणार नाहीत." त्याचं चुकत नव्हतं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

सभेत जे झालं ते जरा सविस्तर सांगते. "मधमाश्या वाचल्या पाहिजेत, त्याच नाहीत तर फळं कुठून येणार" असं बोलणारे बहुतेक सगळे ए विंगचे होते. मोहोळापासून ए विंग चांगली शंभर पावलं लांब. ११०२ च्या काकू गप्प बसून ऐकत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच पोळं. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे हो. पण कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या छातीत धडधडतं. दहा दिवस एक खिडकी उघडलेली नाही. तुमच्यापैकी कुणी घर बदलून घेता का सहा महिने?" कुणी बोललं नाही. ठराव झाला: फवारणी करावी.

चेक लिहायला बसले तेव्हा मला वाटलं, ही रक्कम आपण आधी कुठेतरी लिहिली आहे. २०२२ ची फाइल काढली. डिसेंबर २०२२: 'बी विंग पश्चिम, मधमाशी पोळे काढणे.' जानेवारी २०२३ मध्ये त्याखालीच 'टेरेस टाकी सफाई', जादा. २०२३ ची फाइल काढली. नोव्हेंबर: 'बी विंग पश्चिम, मधमाशी पोळे.' त्याच छज्ज्याचं तिसऱ्या वर्षी तिसरं बिल आम्ही भरायला निघालो होतो.

जुन्या सेक्रेटरींना विचारलं तेव्हा बाकीचं कळलं. २०२२ मध्ये भर दुपारी फवारणी केली होती. पोळं उठलं, खालून जाणाऱ्या तिघांना डंख बसले. मेलेल्या माश्या उघड्या राहिलेल्या झाकणातून टाकीत पडल्या, म्हणून ती जादा सफाई. रिकामं पोळं कुणी खरवडलं नाही. उन्हाने मेण मऊ झालं, मध भिंतीवरून खाली ओघळला आणि दहाव्या मजल्यावरच्या घरात मुंग्यांनी दोन महिने मुक्काम केला. हे सगळं तीन वेगवेगळ्या खर्चांच्या शीर्षकांखाली होतं, म्हणून एका नजरेत कुणालाच दिसलं नव्हतं.

आणि मोहोळ तरी परत का आलं? आग्याचे थवे ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात आणि वर्षानुवर्षं त्याच त्या जागा धरतात. छज्जा उंच, खाली मोकळं, पावसाचा मारा नाही, समोर जंगल. वर जुन्या मेणाचा डाग आणि वास. मारलं ते त्या वर्षीचं मोहोळ. जागा तशीच राहिली.

मी चेक थांबवला. खजिनदाराने सभेचा ठराव अडवावा का, यावर अजूनही आमच्याकडे दोन मतं आहेत, आणि त्यातलं एक माझ्याविरुद्ध आहे.

ओळखीतून मुरबाडकडचे एक गृहस्थ आले. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत त्यांनी आग्याचा मध काढण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. पन्नाशीचे, पायात साधी चप्पल, खांद्याला शबनम. वर एकदा बघितलं आणि खाली येऊन चहा मागितला. मी विचारलं, "हे पोळं उचलून जंगलात नेऊन लावता येईल का?"

"ताई, ही काय सातेरी आहे पेटीत बसायला?" ते म्हणाले. "हिला बांधून ठेवता येत नाही. पोळं कापलं तर ती उठणार, शेजारच्या छज्ज्याला बसणार. तुमचा प्रश्न एक घर सरकणार, एवढंच."

"मग?"

"पावसाच्या तोंडावर ती आपणहून जाईल. तोवर तुम्ही सरका थोडे." मग त्यांनी टेरेसकडे बोट दाखवलं. "आणि तो दिवा कुणी लावला?"

तो दिवा दिवाळीत लावला होता. पांढराफेक एलईडी फ्लडलाइट, सुरक्षेसाठी म्हणून; खरं तर टेरेसवरचे फोटो चांगले येतात म्हणून. त्याचा झोत छज्ज्याच्या कडेवर पडत होता. आग्या चांदण्या रात्रीही उडते, आणि उजेड दिसला की त्याच्याकडे ओढली जाते. आम्ही तिच्या उशाशी कृत्रिम पौर्णिमा टांगली होती. सफाईवाल्या मावशी रोज सकाळी टेरेसवरून सुपली भरून माश्या गोळा करायच्या, पण ते कुणाला सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

दिवा त्याच संध्याकाळी बंद केला. जिन्यातले आणि पॅसेजचे पांढरे दिवे बदलून पिवळे लावले. माशीला निळा आणि अतिनील प्रकाश चांगला दिसतो, तांबड्याकडे तिची नजर अधू. वरच्या आठ घरांना सोसायटीच्या खर्चाने खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि अंधार पडला की त्या बाजूचे पडदे ओढायचे ठरलं. आठवड्याने मावशींच्या सुपलीत बोटांवर मोजण्याइतक्या माश्या. घरात येणाऱ्याही जवळपास थांबल्या. तक्रारींपैकी निम्म्या या एका बटणाने मिटल्या.

रंगकामाचं वेळापत्रक उलटं केलं. आधी ए आणि सी विंग, मग बीची पूर्व बाजू, आणि पश्चिम बाजू सगळ्यांत शेवटी, मोहोळ गेल्यावर. मुकादमाने दोर-सामान दुसऱ्यांदा आणायचे जादा पैसे मागितले. घासाघीस करून निम्म्यावर तुटलं. काकूंना सांगायला मी आणि सेक्रेटरी दोघं गेलो. त्यांनी चहा दिला नाही. जाळी बसली त्या दिवशी मात्र फोन करून सांगितलं की आज खिडकी उघडली.

संक्रांतीचा १४ जानेवारी आम्ही कसाबसा काढला. टेरेसला कुलूप लावलं, पतंग मैदानात उडवा म्हटलं. मुलांनी आम्हाला काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. मांजा पोळ्यात अडकून ओढला गेला असता तर काय झालं असतं, याची कल्पना आम्हाला पुढच्या महिन्यात आली.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी अकराच्या सुमारास. येऊरची काटेसावर तेव्हा लालभडक फुललेली होती आणि मोहोळ सगळ्यांत भरलेलं होतं. रजिस्टरमधली नोंद अशी: '११.१० बी विंग, मोठा पक्षी पोळ्यावर आला. माशी उठली. शिट्टी दिली.' तो मधुबाज होता. हा शिकारी पक्षी पोळ्यावर झेप घेऊन पोळ्याचा तुकडा तोडतो, त्यातल्या अळ्या आणि मेण खातो. चेहऱ्यावरची पिसं बारीक, खवल्यांसारखी दाट असल्यामुळे माश्यांचं त्याच्यावर फारसं चालत नाही. तो तुकडा घेऊन येऊरकडे निघून गेला. राग उतरला तो खाली उभ्या माणसांवर.

चार जणांना डंख बसले. तिघे आमचेच, दोन-दोन, तीन-तीन. चौथा डिलिव्हरीवाला मुलगा, बाइक स्टँडवर लावत होता. त्याने जे कुणीही केलं असतं तेच केलं: हात झटकले, हेल्मेट काढून फेकलं. माशी डंख मारते तेव्हा काटा आणि विषाची पिशवी कातडीतच राहते आणि तिथून इशाऱ्याचा वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्यांना सांगतो, इथे मारा. झटापट केली की डंख वाढतात. वॉचमन काकांनी केबिनमधली घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकून त्याला लॉबीत ओढलं आणि काचेचं दार लावलं. त्याच्या मानेतून आणि कानामागून वीसच्या वर काटे काढले. ते चिमटीत धरून काढावेत की एटीएम कार्डाने खरवडावेत, यावर त्याही वेळी दोघांचा वाद झाला. कसेही काढा, पण लगेच काढा. पिशवी कातडीत असेपर्यंत विष आत जात राहतं. त्याचे ओठ सुजायला लागले आणि श्वास घ्यायला जड जातंय म्हणाला, तेव्हा कुणी वाद घातला नाही. सेक्रेटरींच्या गाडीतून हॉस्पिटल, तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, एक रात्र देखरेख. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बिल सोसायटीने भरलं.

माश्या ठेवायच्या हे आम्ही ठरवलं होतं. त्या मुलाला आमच्या सभेत मत नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त डंख त्याला बसले. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हा भाग सांगते. निम्मे जण इथेच फोन ठेवतात.

त्यानंतर जे नियम केले ते आधीच करायला हवे होते. दिवसा डिलिव्हरी आणि पाहुण्यांना सी विंगच्या गेटमधून आत घ्यायचं. बी विंगच्या खालचं पार्किंग दोरी लावून बंद. गेटवर आणि लॉबीत जाड घोंगड्या. दिवसपाळीच्या वॉचमनने दर तासाला दुर्बिणीतून पोळं बघायचं. लाटा थांबेनाशा झाल्या किंवा माश्यांचे पुंजके सुटून लोंबायला लागले की शिट्टी, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी आत, खिडक्या बंद. पळायचं ते बंद जागेत. झुडपात लपून किंवा तळ्यात उडी मारून आग्या सोडत नाही, डोकं वर येण्याची वाट बघते. ज्यांना आधी कधी डंखाने अंगभर गांधी उठल्या आहेत किंवा चक्कर आली आहे, अशा दोघांची नावं गेटवर लिहून ठेवली. १३ मार्चची होळी बी विंगपासून हलवून मुख्य गेटबाहेर केली, कारण धूर वर जातो. बोंबा तेवढ्याच झाल्या.

मधुबाज आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा खाली कुणी नव्हतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचे ढग जमायला लागले आणि एका सकाळी पोळं उघडं पडलं. पिवळट मेण, कडेला काळसर, एवढंच. काकूंनी फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मुकादमाला त्याच दिवशी बोलावलं. पण २०२५ चा मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला, नेहमीपेक्षा दोन आठवड्यांहून अधिक लवकर. त्याआधीच पावसाने सुरुवात केली होती. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही. सगळी इमारत नवी कोरी आणि बीची पश्चिम बाजू जुनी पिवळी, भेगांसकट, अशा अवस्थेत आम्ही तो पावसाळा काढला. १००२ च्या बेडरूमची भिंत जुलैत फुगली. ते गृहस्थ सभेत फवारणीच्या बाजूने होते. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी दिला तेव्हा त्यावर एकच वाक्य होतं: 'मधमाश्यांकडून वसूल करावे.' आम्ही सोसायटीकडून केलं.

फोनवर पैशांचं सगळे विचारतात, तर हिशेब असा: जाळ्या, दिवे, रंगाऱ्यांचा जादा आकार, हॉस्पिटल, १००२ ची भिंत हे सगळं मिळून फवारणीच्या दरापेक्षा कितीतरी पटीने जास्त गेलं. २०२२ च्या खर्चात टाकीसफाई आणि बाकीचं धरलं तर फरक कमी होतो, पण उरतोच. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून मोहोळ ठेवा, असं मी कुणाला सांगत नाही. यातला जाळ्यांचा आणि दिव्यांचा खर्च पुन्हा करावा लागणार नाही, एवढं खतावणीत दिसतं. आणि रंगकामाचा करार यापुढे कधीही नोव्हेंबर ते मे या काळात बी विंगसाठी करायचा नाही, हे इतिवृत्तात आहे.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर छज्जा खरवडला. मेणाच्या थरांचे तीन रंग होते, झाडाच्या वलयांसारखे. खालचा जवळजवळ काळा. कढत साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावर ऑइलपेंट दिला आणि कोपऱ्याला तिरकी जाळी मारली. मुरबाडच्या गृहस्थांना फोटो पाठवला. "बरं केलंत," त्यांचं उत्तर आलं, "पण छज्जे किती आहेत तुमच्याकडे?"

मोजले तर एकशे बत्तीस.

११ नोव्हेंबर २०२५ ला रात्री पावणेदहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर ए विंगच्या नवव्या मजल्यावरून मेसेज आला: 'मागच्या त्या पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर कुणाकडे आहे का?' ११०२ च्या काकूंनी त्याला हसणारा चेहरा लावला आणि अर्ध्या मिनिटात काढूनही टाकला. मग त्यांनी जाळी बसवणाऱ्याचा नंबर दिला.

त्या रात्रीची रजिस्टरमधली नोंद: '१०.०५ ए विंग, ९ वा मजला, पोळं वीतभर. पॅसेजचा पांढरा दिवा काढला, पिवळा लावला.'